पावसानंतर द्राक्षाचा मणी फुटत नाही, उसवतो! सालीतला ताण आणि पेशींमधल्या गोंदाची गोष्ट

जानेवारी सरत आला की धाराशिव, तुळजापूर आणि शेजारच्या बार्शी-नान्नज पट्ट्यातले द्राक्ष उत्पादक दिवसातून दहा वेळा हवामानाचं ॲप उघडून बघतात. घडात पाणी उतरलेलं असतं, साखर भरत आलेली असते, व्यापाऱ्याशी दराची बोलणी सुरू असतात. अशा वेळी रात्रीत एक सर येऊन जाते. दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर ते व्हिडिओ फिरायला लागतात: हातात घड, घडातला एकेक मणी उभा चिरलेला, चिरेतून रस गळतोय, आणि मागून शेतकऱ्याचा आवाज, "बघा, एका रात्रीत काय झालं."

त्या व्हिडिओखाली एक कमेंट हमखास असते. "मण्याने पाणी जास्त ओढलं, म्हणून फुटला." शाळेत शिकलेल्या परासरणाशी हे जुळतं आणि ऐकायलाही पटतं. पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. मणी का तडकतो याचं उत्तर शोधताना गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञ ज्या ठिकाणी पोचले, ते बरंच वेगळं आहे. त्यात सालीवरचा ताण आहे, पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारा गोंद आहे आणि पेशीच्या आत सतत वाढणाऱ्या-मोडणाऱ्या सूक्ष्म नळ्या आहेत. हे सगळं नीट समजलं, तर बागेत कोणतं काम कधी करायचं याचंही गणित थोडं बदलतं.

फुग्याचा हिशोब जुळत नाही

मणी म्हणजे पाण्याने भरलेला फुगा, असं धरून चालूया. मग ज्या मण्यात दाब जास्त तो आधी फुटायला हवा.

संशोधकांनी केसाहून बारीक काचेची नळी द्राक्षाच्या पेशीत घुसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला आहे. मणी हिरवा आणि टणक असतो तेव्हा आतल्या पेशीत साधारण ३ बारच्या आसपास दाब असतो. कारच्या टायरमध्ये आपण जेमतेम २ ते सव्वादोन बार हवा भरतो. म्हणजे हिरव्या मण्याची एकेक पेशी टायरपेक्षा घट्ट फुगलेली असते. मण्यात पाणी उतरायला लागतं, तो मऊ पडतो, तेव्हा हाच दाब झपाट्याने घसरतो आणि १ बारच्याही खाली येतो. मणी मऊ लागतो याचं एक कारण हेच.

आता गंमत बघा. दाब जास्त असलेला हिरवा मणी पावसात सहसा काही होऊ देत नाही. दाब कमी असलेला पिकलेला मणी मात्र तडकतो. फुग्याचा नियम इथे उलटा पडतो.

पिकलेल्या मण्याच्या रसात एवढी साखर असते की शुद्ध पाण्यात ठेवल्यास तो सिद्धांताने २५ बारपेक्षा जास्त ओढ निर्माण करू शकतो. तरी पेशीतला दाब इतका कमी कसा? कारण पिकताना साखर पेशीच्या आत भरते तशी पेशीबाहेरच्या बारीक फटींमध्येही साचते. आतही गोड, बाहेरही गोड. त्यामुळे ओढ समतोल राहते आणि मणी शांत असतो. हा समतोल जोवर टिकतो तोवर सगळं ठीक. पावसाच्या पाण्यात साखर नसते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पण त्याआधी साल समजून घ्यावी लागेल.

साल आधीपासूनच ताणलेली असते

एक पिकलेला, कडक मणी घ्या. नव्या कोऱ्या ब्लेडने सालीवर अगदी हलका, उथळ छेद द्या. छेद रेघेसारखा राहत नाही. त्याची तोंडं बाजूला सरकतात आणि बदामाच्या आकाराची फट दिसते. आपण दाबलेलं नाही, ओढलेलं नाही. म्हणजे साल आधीच ताणात होती, छेद दिल्यावर ती मागे सरकली. टोमॅटोवरही हे दिसतं.

आतला गर बाहेर ढकलतो, साल त्याला आवरून धरते. पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत मण्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं, आणि या काळात सालीच्या पेशी नव्याने तयार होत नाहीत. आहेत त्याच पेशींना ताणून घ्यावं लागतं. वाढत्या मुलाला दोन वर्षांपूर्वीचा शर्ट घालायला लावावा, तसं.

आकाराचंही गणित आहे. गोल मण्याच्या सालीतला ताण आतल्या दाबाच्या आणि त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. १६ मिलिमीटरचा मणी १८ मिलिमीटरचा केला, तर दाब तोच असतानाही सालीवरचा ताण एक अष्टमांशाने, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी वाढतो. बाजाराला मोठा मणी हवा असतो, त्यासाठी जिबरेलिक ॲसिडचे डिप दिले जातात. मोठ्या मण्याची किंमत साल चुकवते.

मणी लांबट असेल तर आणखी एक गोष्ट घडते. नळकांड्याच्या आकाराच्या कुठल्याही वस्तूत आतून दाब आला की घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून पाईप फुटतो तो उभा चिरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडीतून शोधलेला सोनाका हा वाण त्याच्या लांब मण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा लांब मण्यावर चीर गेली तर ती बहुतेक वेळा उभी का दिसते, याचं उत्तर या साध्या भूमितीत आहे. १९८१ मध्ये जॉन कॉन्सिडाइन आणि के. ब्राउन यांनी फळांच्या सालीवर ताण कसा वाटला जातो याचं गणित मांडलं होतं. देठाजवळ आणि टोकाला, जिथे फळाची वक्रता बदलते, तिथे ताण एकवटतो असं त्यातून दिसतं. देठाभोवती गोल चीर पडलेले मणी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन पेशींमधला गोंद

सालीच्या सर्वांत वर मेणचट थर असतो. द्राक्षावर पांढुरकी झाक दिसते ती याच मेणाची. त्याखाली पेशींचे काही थर, विटांसारखे एकमेकांना लागून. विटांमध्ये सिमेंट असतं तसं या पेशींमध्ये पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. पेक्टिनच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवायचं काम कॅल्शियम करतं. कॅल्शियम निघून गेलं की बांधणी सैल पडते.

जर्मनीत हॅनोव्हरच्या मोरित्स क्नोखे यांच्या गटाने गोड चेरीवर अनेक वर्षं काम केलं. पावसात चेरीही अशीच तडकते. त्यांनी २०१६ मध्ये मांडलेलं निरीक्षण थोडक्यात असं: फळाने एकूण किती पाणी ओढलं यापेक्षा सालीवर एका जागी काय घडलं, हे महत्त्वाचं ठरतं. पाणी सालीवर साचून राहिलं की मेणचट थरातल्या सूक्ष्म भेगांमधून आत शिरतं. तिथल्या पेशींच्या बाहेरची साखर पातळ होते, समतोल मोडतो, काही पेशी फुगून फुटतात. फुटलेल्या पेशींतून आम्लं बाहेर येतात. ही आम्लं शेजारच्या पेशींच्या भिंतींमधलं कॅल्शियम पकडून घेतात. भिंती फुगतात, गोंद सुटतो, आणि साल आधीच ताणात असल्यामुळे सुटलेली जागा फाकते. फाकलेल्या टोकाशी आता पुढच्या पेशीवर ताण येतो, तीही सुटते. मग पुढची. पॅन्टची चेन खाली सरकावी तसं. संशोधकांनीही याला झिपरचीच उपमा दिली आहे.

मला मराठीतला 'उसवणे' हा शब्द जास्त चपखल वाटतो. कापड मजबूत असतं, धागा एका जागी तुटतो आणि शिवण सरसर उसवत जाते. इथे पेशी मधोमध फाटतीलच असं नाही, त्या एकमेकींपासून सुटतात.

चेरीवरचं सगळं द्राक्षाला जसंच्या तसं चिकटवणं बरोबर नाही. द्राक्षावर अमेरिकेच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत बेन-मिन चांग आणि मार्कस केलर यांनी थेट प्रयोग केले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. मण्यांना टोचून बघितलं, पाण्यात बुडवून बघितलं. द्राक्षाची साल आधीपासून ताणलेली असते आणि पावसाचं पाणी तिची ताकद कमी करतं, हे त्यांना दिसलं. मेण काढून टाकलं तर पाणी लवकर आत जातं आणि मणी लवकर तडकतो. कॅल्शियम दिलं तर पाणी आत जाण्याचा वेग बदलत नाही, पण साल जास्त ताण सोसते. म्हणजे मेणाचं काम वेगळं, भिंतीचं आणि गोंदाचं काम वेगळं. दोन्ही शाबूत असतील तर मणी वाचतो.

मेणाची ताकद बेदाणा करणाऱ्यांना कधीपासून माहीत आहे. तासगाव-सांगलीकडे, सोलापूरकडे बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मेणाची रचना विस्कटते आणि आतलं पाणी भराभर बाहेर पडतं. न बुडवलेला घड वाळायला त्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस घेतो. पाणी बाहेर जाण्याची वाट अशी उघडता येते, तशी आत येण्याचीही उघडते. खाण्याच्या द्राक्षावर मेण धुऊन काढणारी चिकट द्रव्यं वारंवार फवारणं किंवा घड सारखे हाताळणं का टाळायचं, ते यावरून कळतं.

पेशीला ताण कळतो तरी कसा?

साल म्हणजे ताणलेलं कापड आणि पेक्टिन म्हणजे शिवण, एवढंच असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण कापड आपलं आपण विणलं जात नाही. साल जिवंत असते. ती ताण ओळखते आणि त्याप्रमाणे स्वतःची वीण बदलते.

ही वीण असते सेल्युलोजच्या धाग्यांची. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती या धाग्यांची भिंत असते. धागे ज्या दिशेने गुंडाळलेले असतील त्या दिशेला पेशी सहज फुगत नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी धाव बसवतात, तसे हे वेढे पेशीला आवळून धरतात.

वेढे कोणत्या दिशेने घालायचे हे कोण ठरवतं? इथे आपल्या ओळखीची एक वनस्पती मदतीला येते. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचं विष असतं. (खरंच विष आहे, जीव जाऊ शकतो, कुठलाही घरगुती प्रयोग नको.) अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल ग्रीन यांनी नायटेला या पाणवनस्पतीच्या लांबट पेशींना कोल्चिसीन दिलं, तर पेशी लांब वाढायच्या ऐवजी सगळ्या बाजूंनी फुगायला लागल्या. कोल्चिसीन पेशीविभाजनातले बारीक तंतू मोडतं हे तोवर माहीत होतं. तसेच तंतू भिंतीजवळही असले पाहिजेत आणि तेच सेल्युलोजला दिशा देत असले पाहिजेत, असा अंदाज त्यांनी १९६२ मध्ये बांधला. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तिथेच, भिंतीच्या आतल्या बाजूला, पोकळ नळ्या दिसल्या. मला विज्ञानातल्या या अशा गोष्टी फार आवडतात: आधी कागदावर जागा ठरते, मग तिथे वस्तू सापडते.

याच त्या सूक्ष्मनलिका, मायक्रोट्यूब्यूल. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनलेल्या. जाडी २५ नॅनोमीटर, म्हणजे ४०,००० नळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. या नळ्या स्थिर नसतात. एका टोकाला विटा जोडल्या जातात, नळी मिनिटाला काही मायक्रॉन वेगाने वाढते, आणि अचानक कोसळून आखूड होते. परत वाढते. पेशी जिवंत आहे तोवर हे अखंड चालू असतं. २००६ मध्ये चमकणारी खूण लावून केलेल्या प्रयोगात सेल्युलोज बनवणारी यंत्रणा या नळ्यांच्या मार्गाने सरकताना चक्क जिवंत पेशीत दिसली. नळी म्हणजे रूळ, त्यावरून सेल्युलोज विणणारी गाडी.

आता मुख्य दुवा. २००८ मध्ये फ्रान्समधले ओलिव्हिए हमां आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झाडाच्या शेंड्यावरच्या पेशींमध्ये या नळ्या सर्वांत जास्त ताणाच्या दिशेने रांगेत येतात. ताणाची दिशा बदलली, उदाहरणार्थ शेजारच्या काही पेशी मारल्या, तर काही तासांत नळ्या नव्या दिशेने वळतात. ताणाच्या दिशेने असलेल्या नळ्या टिकतात, आडव्या-तिडव्या जाणाऱ्या कापल्या जातात. कापणाऱ्या प्रथिनाचं नाव कॅटानिन, जपानी तलवार कटाना हिच्यावरून ठेवलेलं. नळ्या वळल्या की सेल्युलोजचे नवे वेढेही त्याच दिशेने पडतात. जिथे ओढ जास्त, तिथे पेशी स्वतःच टाके घालते.

गोंद सुटला की निरोपही थांबतो

मग गोंद कमी असेल तर या व्यवस्थेचं काय होतं? फ्रान्समधल्या ल्योन शहरात स्टेफान व्हर्जे, हमां आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला. त्यांचं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाचा असा प्रकार घेतला ज्यात पेक्टिन नीट तयार होत नाही. या रोपाच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि मध्ये फटी पडतात.

त्या फटी कुठेही, कशाही पडत नव्हत्या. ताण ज्या दिशेला होता त्याच्या काटकोनात त्या पडत होत्या, आपण वर ब्लेडने बघितलं त्याच तत्त्वाने. म्हणजे फटींचा नकाशा काढला की ताणाचा नकाशा हाती येतो.

मग त्यांनी हेच रोप दोन प्रकारच्या जेलीवर वाढवलं. एक टक्का आगार असलेल्या मऊ, पाणीदार जेलीवर फटी भरपूर पडल्या. अडीच टक्के आगारच्या घट्ट जेलीवर रोपाला पाणी सहज मिळत नाही, पेशींचा दाब उतरतो, सालीवरचा ताण कमी होतो. तिथे त्याच सदोष रोपाच्या पेशी बऱ्यापैकी चिकटून राहिल्या. गोंद तेवढाच कमी, फक्त ताण उतरला, आणि साल टिकली.

आणखी एक निरीक्षण मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निरोगी रोपात शेजारशेजारच्या पेशींतल्या सूक्ष्मनलिका एकाच दिशेने लागलेल्या असतात, जणू कवायतीतली रांग. कारण ताण एका पेशीतून दुसरीत पोचतो. जिथे पेशी सुटल्या तिथे ही रांग मोडली. ताणाचा निरोप पुढे जाईना, मग प्रत्येक पेशी आपापल्यापुरती नळ्या लावायला लागली. थोडक्यात, ताणामुळे गोंदाची परीक्षा होते, आणि गोंद असेल तरच ताणाची बातमी सगळीकडे पोचून साल एकत्र मजबूत होते. दोन्ही एकमेकांवर अवलंबून.

ताण, चिकटणं आणि सूक्ष्मनलिका यांचं हे नातं फक्त वनस्पतींपुरतं नाही. आपल्या पेशींना भिंत नसते, पण त्या आधाराला काही ठरावीक बिंदूंवर चिकटून उभ्या असतात. २००२ मध्ये इरिना कावेरिना आणि सहकाऱ्यांनी जिवंत प्राणिपेशींना ताण दिला, तेव्हा सूक्ष्मनलिका ताण पडलेल्या चिकट-बिंदूंच्या दिशेने वाढत गेल्या. जखम भरताना पेशी सरकतात, तेव्हा हे उपयोगी पडतं. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध याच नळ्यांना मोडू न देता गोठवतं आणि गाऊटवर दिलं जाणारं कोल्चिसीन त्यांना वाढू देत नाही. द्राक्षाची साल आणि आपली कातडी या बाबतीत दूरच्या बहिणी आहेत.

बागेत याचा उपयोग काय?

पहिली गोष्ट वेळेची. सालीच्या पेशी तयार होतात आणि त्यांच्या भिंती विणल्या जातात तो काळ मणी हिरवा असतानाचा. कॅल्शियमचंही तसंच. ते मण्यात पोचतं मुख्यतः मुळाकडून येणाऱ्या पाण्याच्या वाहिन्यांमधून. पाणी उतरायला लागल्यावर मण्यात येणाऱ्या रसाचा मुख्य रस्ता बदलतो, साखर वाहून आणणाऱ्या वाहिन्या पुढे होतात आणि त्यांच्यातून कॅल्शियम फारसं येत नाही. त्यामुळे हवामानाचा अंदाज बघून काढणीच्या तोंडावर घाईने दिलेल्या कॅल्शियमकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. फळछाटणीनंतर मणी ज्वारीएवढा असल्यापासून पाणी उतरेपर्यंतचे आठवडे, ही खरी संधी. कृषी सेवा केंद्रात बाटली विकत घेताना "आता दिलं तर मण्यात पोचेल का?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही. मात्रा आणि नेमकी वेळ यासाठी पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र राज्यातल्या बागांसाठी हवामानानुसार सल्लेही देतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या चढ-उताराची. बालाघाटच्या हलक्या, मुरमाड जमिनीत वेल ताणावर राहतो आणि मग एकदम भरपूर पाणी मिळतं. आवळलेल्या सालीला अचानक ताण सोसावा लागतो. ठिबकने थोडं थोडं, नियमित पाणी आणि वेलीच्या बुडाशी आच्छादन, हे कंटाळवाणे वाटणारे उपाय सालीला सवय होऊ देतात. सुरुवातीला भुरी येऊन गेलेले मणी तर जास्तच तडकतात, कारण रोगाने खालची साल निबर होते, ती ताणतच नाही.

तिसरी गोष्ट, पाऊस पडून गेल्यावरची. आपल्याकडे पाऊस उघडताच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून रिकामा फिरवतात, घडातलं पाणी झटकून टाकतात. औषध न फवारता डिझेल जाळणं काहींना वेडेपणा वाटतो. वर सांगितलेलं सगळं लक्षात घेतलं, तर तो सर्वांत शहाणा उपाय ठरतो. उसवण्याची सुरुवात होते ती पाणी सालीवर साचून राहिल्यामुळे. पाणी जितके तास कमी टिकेल तितके टाके वाचतात. विरळणी न झालेल्या दाट घडात मण्यांच्या बेचक्यात पाणी अडकून बसतं, तिथे वारा पोचत नाही, आणि पहिली चीर अनेकदा तिथेच दिसते. प्लास्टिक आच्छादनाखालच्या बागा यातून बऱ्याच सुटतात, पण तो खर्च प्रत्येकाच्या आवाक्यातला नाही.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. देठासकट कापलेले पिकलेले दहा मणी साध्या पाण्यात आणि दहा मणी साखरेच्या घट्ट पाकात बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी साध्या पाण्यातले काही मणी चिरलेले दिसतील, पाकातले उलट आक्रसलेले. मग आणखी दहा मणी बोटाने चोळून, पांढुरकी झाक काढून साध्या पाण्यात टाका आणि दर तासाला मोजा. प्रत्येक बागेच्या, प्रत्येक वाणाच्या द्राक्षात आकडा वेगळा येईल, आणि तुलना करण्यातच खरी मजा आहे.

आणि विमा?

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातले शेतकरी विसरलेले नाहीत. पण गारेने फुटलेला मणी आणि पावसाने उसवलेला मणी यात फरक आहे. गार बाहेरून मारते, तिची खूण सालीवर राहते, नुकसान कुणालाही दिसतं. पावसाचं तडकणं आतून होतं, आणि कधी कधी पाऊस थांबल्यावर काही तासांनी दिसतं.

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्षासाठी अवेळी पावसाची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदलेल्या मिलिमीटरवरून. ठरलेल्या काळात ठरलेल्या आकड्याहून जास्त पाऊस झाला तर पैसे, नाहीतर नाही. मिलिमीटर मोजणं सोपं आहे, म्हणून ते मोजलं जातं. मण्याला मात्र मिलिमीटर कळत नाहीत. अर्ध्या तासात दणकून पडून गेलेला आणि लगेच ऊन पडलेला पाऊस सालीला एकवेळ परवडतो. रात्रभर भुरभुर, मग सकाळी दहापर्यंत धुकं आणि ढग, असं झालं तर मापकात थोडंसंच पाणी दिसतं आणि साल मात्र बारा-चौदा तास भिजलेली राहते. पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारे सेन्सर काही द्राक्षबागांमध्ये आज बसवलेले आहेत. रोगाचा अंदाज घेण्यासाठी शेतकरी त्यांचे आकडे रोज मोबाइलवर बघतात. विम्याच्या निकषात ते तास मोजायला सुरुवात झाली, तर तडकलेल्या घडाचा व्हिडिओ काढून पुरावा म्हणून पाठवायची वेळ कमी जणांवर येईल.